शेवटच्या इनिंगमधली बाराखडी

अमेरिकेत सात वर्षांच्या मुलाला वाचायला बसवायचं असेल तर आधी त्याच्या टीमला हरण्याच्या काठावर नेऊन उभं करतात. शेवटची इनिंग चालू, दोन गडी बाद, तिन्ही बेसवर आपली पोरं ताटकळलेली, आणि बॅट घेऊन येतो कोण, तर टीममधला सगळ्यात कच्चा लिंबू. पिचरच्या हातातून बॉल सुटतो आणि प्रकरण संपतं. पुढे काय झालं ते पुढच्या पानावर. पान उलटायला काही लागत नाही. पण उलटलेल्या पानावर चित्र नसतं, नुसती अक्षरं असतात. पोरगं मुकाट्याने अक्षरांना भिडतं.

या पुस्तकांना तिकडे ‘चॅप्टर बुक’ म्हणतात. चित्रांची पुस्तकं ‘बाळांची’ वाटायला लागली आहेत आणि जाड कादंबरी उचलली तर हात भरून येतो, अशा सहा ते नऊ वयाच्या मंडळींसाठी ही मधली सोय. आठ-दहा आखूड प्रकरणं, ठळक टाइप, ओळींमध्ये ऐसपैस जागा आणि दमल्यावर टेकायला मधूनमधून एखादं चित्र. यांत परी, राजकन्या, डायनासोर, भुतं वगैरे शाखा आहेत. पण ज्या मुलाला पुस्तक दाखवलं की पोटात दुखतं, त्याच्यासाठी खास खेळाची शाखा उघडलेली आहे.

सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला गेलेल्या मराठी आजी-आजोबांची कामं ठरलेली असतात : भाजी निवडणं, डिशवॉशर कसा लावतात ते शिकणं आणि नातवंडांचं वाचन ऐकणं. पहिल्या कामावर बायकोचा हक्क होता, दुसऱ्या कामात जावयाचा माझ्यावर विश्वास नव्हता, तेव्हा तिसरं माझ्याकडे आलं. नातवाने सुरुवातीलाच सांगितलं, “आबा, मी एम आहे.” मला वाटलं शर्टाचा साइज सांगतोय. नंतर कळलं की ही वाचनाची पातळी. आयरीन फाउंटास आणि गे सू पिनेल या दोन शिक्षणतज्ज्ञ बायांनी पुस्तकांना ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत अशी चढण लावून दिली आहे. आपण मुलाला ‘कितवीत आहेस?’ विचारतो, तिकडची मुलं एकमेकांना अक्षर विचारतात. शेजारच्या घरातली मुलगी ‘पी’ला पोचली होती. तिच्याबद्दल आमच्याकडे जेवताना ज्या आवाजात बोलणं व्हायचं, त्या आवाजात आमच्या वेळी फक्त बोर्डात आलेल्यांबद्दल बोलत.

लायब्ररीत पुस्तक निवडायची त्यांची एक रीत आहे. मधलंच एखादं पान उघडायचं, वाचायला लागायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट वर करायचं. पाच बोटं वर झाली की ते पुस्तक आपल्यासाठी अवघड, परत ठेवायचं. आपल्या अंपायरने एक बोट वर केलं तरी माणूस तंबूत जातो; इथे पुस्तकाला पाच बोटांची सवलत. मी गंमत म्हणून एका मराठी समीक्षाग्रंथाला हीच कसोटी लावून पाहिली. प्रस्तावनेतच दुसरा हात काढावा लागला.

या शाखेचे भीष्माचार्य म्हणजे मॅट क्रिस्टोफर. जन्म १९१७, पेनसिल्व्हेनिया. स्वतः बेसबॉल खेळलेले. १९५४ साली त्यांचं ‘द लकी बेसबॉल बॅट’ आलं आणि मग त्यांनी मुलांसाठी शंभराहून जास्त पुस्तकं लिहिली. बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉल, हॉकी, जिथे म्हणून मुलाच्या हातून बॉल सुटू शकतो, तिथे क्रिस्टोफर हजर. त्यांचं १९७२ सालचं ‘द किड हू ओन्ली हिट होमर्स’ वाचताना तर मी ताठ बसलो. सिल्व्हेस्टर नावाचा एक मुलगा. बॅट आणि बॉल यांची त्याने कधी गाठ घालून दिलेली नाही. त्याला जॉर्ज बारुथ नावाचा एक गृहस्थ भेटतो, कसं उभं राहायचं, बॅट कशी धरायची ते सांगतो, आणि त्या दिवसापासून हा पठ्ठ्या होमरनशिवाय दुसरं काही मारत नाही. गंमत अशी की बारुथ दुसऱ्या कोणाला दिसत नाही. १९४८ साली वारलेले महान खेळाडू बेब रूथ यांचं मूळ नाव जॉर्ज, हे ठाऊक असलेला बाप पुस्तकाआडून हसतो. आपल्याकडे याला अंगात येणं म्हणतात आणि पोराला लिंबू उतरवायला नेतात. तिकडे याला कोचिंग म्हणतात.

पण क्रिस्टोफर यांचा खरा पराक्रम म्हणजे कुत्रा. १९८० साली त्यांनी ‘द डॉग दॅट स्टोल फुटबॉल प्लेज’ लिहिलं. माइक हा मुलगा आणि हॅरी हा त्याचा कुत्रा. दोघं मनातल्या मनात बोलू शकतात. फुटबॉलच्या सामन्यात हॅरी समोरच्या टीमच्या घोळक्याजवळ जाऊन निरागस चेहऱ्याने बसतो, त्यांचे बेत ऐकतो आणि माइकला कळवतो. सरळ हेरगिरी! मी वाट बघत होतो की आता कोणी तरी आक्षेप घेईल. पण कुत्र्याने मैदानाजवळ बसू नये असा नियम कुठे आहे? पुस्तक इतकं चाललं की १९८२ साली हॅरी पुन्हा फुटबॉलमध्ये उतरला आणि १९८८ साली बेसबॉलमध्ये. बायको ओट्याशी उभी राहून हे सगळं ऐकायची. एकदा तिने चाळणी खाली ठेवली आणि म्हणाली, “अहो, तुम्ही मनातल्या मनात नका बोलू, पण मोठ्याने सांगितलेलं तरी ऐकत चला. कुत्र्यालाही जमतं.” नातू खो-खो हसला. त्याला मराठी फारसं समजत नाही, असं त्याची आई सांगते.

क्रिस्टोफर १९९७ साली गेले. पुस्तकं थांबली नाहीत. त्यांच्या नावाची ट्रेडमार्क म्हणून रीतसर नोंद आहे आणि दुसरे लेखक त्या नावाखाली लिहीत राहिले. आपल्याकडे लेखक हयात असतानाच त्याचं पुस्तक मिळेनासं होतं. तिकडे लेखक गेला तरी पुस्तक नवं येतं. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे जेक मॅडॉक्स. कपाटाचा अख्खा खण या नावाने भरलेला : स्नोबोर्ड, कुस्ती, पोहणं, काय म्हणाल ते. ‘एवढे खेळ एका माणसाला येतात?’ असं मी नातवाला विचारलं. त्याने फक्त खांदे उडवले. चौकशीअंती समजलं की जेक मॅडॉक्स नावाचा कोणी एक माणूस नाहीच. प्रकाशकाने नाव ठरवलंय आणि अनेक लेखक आलटून पालटून त्या नावाने बॅटिंग करतात. आपल्या बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा एकट्याच्या हाताने लिहिल्या. तिकडे दहा जण मिळून एक लेखक होतो, आपल्याकडे एक जण दहांचं काम करतो. आर्थिक प्रगतीचं गणित यातच कुठे तरी असावं.

मग येतात खरे खेळाडू. इंग्लंडचा फ्रँक लॅम्पार्ड मैदान गाजवत असतानाच २०१३ साली ‘फ्रँकीज मॅजिक फुटबॉल’ ही मालिका घेऊन उतरला. फ्रँकी, त्याचे दोस्त, जादूचा चेंडू, समुद्री चाचे. आणि कुत्रा. (कुत्रा इथेही आहे, त्याचं नाव मॅक्स. खेळाच्या बालसाहित्यात कुत्र्याला राखीव जागा आहे, असं माझं मत होत चाललंय.) अमेरिकेत बास्केटबॉलवाला शकील ओनील, उंची सात फूट एक इंच, त्याने २०१५ साली सगळ्यात छोट्या वाचकांसाठी ‘लिटल शॅक’ आणलं. त्यात छोटा शॅक आणि त्याचा चुलतभाऊ यांच्या भांडणात व्हिडिओ गेम मोडतो आणि नव्या गेमच्या पैशांसाठी दोघं लोकांच्या बागा करतात. बास्केटबॉलच्या अनभिषिक्त सम्राटाच्या पुस्तकात मुलं निंदणी-खुरपणी करतायत, हे पाहून मला बरं वाटलं. नातवाला नाही वाटलं. त्याने मध्येच विचारलं, “पण आबा, मॅच कधी आहे?”

या प्रश्नातच सगळी मेख आहे. बाकीच्या गोष्टींत ‘पुढे काय?’ हे मुलाला लेखकाने सुचवावं लागतं. खेळाच्या गोष्टीत ते सामनाच सुचवतो. लिटल लीगच्या मुलांचा सामना सहा इनिंगचा असतो. मुलाला पहिल्या पानापासून माहीत असतं की सहावी येणार आणि सहावीनंतर काही लपवता येणार नाही. एक कोणी तरी हरणारच. जादूची छडी फिरवून दोघांना जिंकवता येत नाही. हा ‘पुढे काय?’ रहस्यकथेलाही उपयोगी पडतो. ‘बॉलपार्क मिस्टरीज’ नावाची डेव्हिड केली यांची मालिका आहे, २०११ पासूनची. त्यात माइक आणि केट ही चुलत-मावस भावंडं दर पुस्तकात एका खऱ्याखुऱ्या स्टेडियमवर जातात आणि हटकून तिथे गुन्हा घडतो. पहिल्याच पुस्तकात बॉस्टनच्या फेनवे पार्कवर स्टार फलंदाजाची लाडकी बॅट चोरीला जाते. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये तीस संघ आहेत, म्हणजे लेखकाची म्हातारपणाची सोय झाली. हीच मालिका वानखेडेवर काढली तर एकच भाग निघेल : तिकिटं गेली कुठे?

या पुस्तकांतली मोठी माणसं मात्र माझ्या पचनी पडली नाहीत. कोच शिट्टी वाजवतो पण ओरडत नाही. हरल्यावर बाप मुलाच्या केसांतून हात फिरवतो आणि विचारतो, मजा आली ना? शनिवारी सकाळी मी नातवाच्या टीमचा सामना बघायला गेलो. घडीच्या खुर्च्यांवर बसलेले बाप होते. त्यांच्यापैकी एकालाही मजेशी देणंघेणं दिसलं नाही. तेलुगू, गुजराती, मराठी, पोलिश, सगळे आपापल्या भाषेत एकच वाक्य ओरडत होते : बॉलकडे बघ! आया तेवढ्या पुस्तकातल्यासारख्या, संत्र्याच्या फोडी घेऊन आलेल्या. एका मराठी आईने डबाभर भडंग आणलं होतं. समोरच्या टीमच्या पिचरने कौतुकाने मूठभर तोंडात टाकलं आणि पुढची इनिंग नाक ओढत काढली. भडंगाने सामना फिरला, असं आमच्यापैकी कोणी उघडपणे म्हणालं नाही.

एका पुस्तकापाशी मात्र आमचं हसणं थांबलं. मेरी पोप ऑस्बॉर्न यांच्या ‘मॅजिक ट्री हाउस’ मालिकेतली जॅक आणि ॲनी ही भावंडं झाडावरच्या घरातून काळात मागेपुढे हिंडतात. एका भागात ती १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकाला जातात, पेलेचा खेळ बघायला. दुसऱ्या एका भागात, २०१७ च्या ‘अ बिग डे फॉर बेसबॉल’मध्ये, ती पोचतात ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर. तारीख १५ एप्रिल १९४७. त्या दिवशी जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा उतरला आणि कित्येक दशकं पाळलेली गोऱ्यांची सोवळी रेघ पुसली गेली. नातवाने पुस्तकात बोट घालून विचारलं, “पण तो चांगला खेळायचा ना? मग का घेत नव्हते?” सात वर्षांच्या मुलाला याचं सरळ उत्तर देता येत नाही. सत्तर वर्षांच्या माणसालाही येत नाही, हे तेव्हा लक्षात आलं. मग मी त्याला पुण्याची गोष्ट सांगितली.

पळवणकर बाळू. चांभार समाजातला मुलगा. पुण्यात साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामं करायचा आणि नेटमध्ये तासन् तास साहेबांना गोलंदाजी टाकायचा. ग्रेग नावाचा साहेब म्हणे बाद झाला की आठ आणे द्यायचा. बॅट मात्र बाळूच्या हातात कोणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघाला त्याच्या डावखुऱ्या फिरकीची गरज पडली, तेव्हा मैदानात तो चालला. चहाच्या वेळी मात्र पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. हिंदूंच्या संघाचं कप्तानपद त्याला कधीच मिळालं नाही. १९२३ साली ते मिळालं त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला. नातू ऐकत होता. मग म्हणाला, “हे कुठल्या बुकमध्ये आहे? एम आहे का?”

रामचंद्र गुहांनी बाळूंवर भरभरून लिहिलंय, पण ते ‘एम’ नाही. आपल्या दुकानात जाऊन खेळावरची मुलांची पुस्तकं मागितली की पुढे येतात चरित्रं. ‘जन्म आणि बालपण’पासून सुरुवात, मग कष्ट, मग शतकं, मग पुरस्कार आणि शेवटी आकडेवारी. त्यात नायक थोर होणार हे मुखपृष्ठावरच छापलेलं असतं. कच्चा लिंबू कुठे आहे? कॅच सोडणारा, टॉस हरणारा, बॅट स्वतःची म्हणून रडारड करून पहिली बॅटिंग घेणारा? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, पण तो ज्याला भराभर वाचता येतं त्याचा दोस्त. जो अजून बोट ठेवून वाचतोय त्याचं काय?

नातू रविवारी मराठी शाळेत जातो. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आधाराने उत्तर अमेरिकेत अशा शाळा गावोगावी चालतात आणि शिकवणारे पालक आपला रविवार त्यात घालतात, त्यांना दंडवत. पण अडचण अशी की मुलाचं डोकं सहाव्या इनिंगमध्ये असतं आणि मराठीचा तक्ता बदक, कमळ आणि गवत यांच्यापुढे सरकत नाही. जोडाक्षरं आली की पोरं गळतात, म्हणून बिनजोडाक्षरी मजकूर द्यायचा. आणि बिनजोडाक्षरी जगात फक्त बदकंच राहतात, असा आपला समज. मी एका संध्याकाळी कागद घेऊन बसलो. फलंदाज : जोडाक्षर नाही. गोलंदाज : नाही. धाव, चेंडू, चौकार, षटकार, धावबाद, पायचीत : एकही नाही. यष्टिरक्षक : दोन. क्षेत्ररक्षक : तीन! आमच्या गल्लीत सगळ्यांना बॅटिंग हवी असायची आणि फील्डिंगला कोणी तयार नसायचं, त्याचं मूळ देवनागरीत आहे हे मला साठी उलटल्यावर समजलं.

खो-खो तर वाचायला शिकणाऱ्यासाठीच घडवलेला खेळ. नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात बांधले गेले, आणि अख्ख्या खेळातला सगळ्यात महत्त्वाचा उद्गार एका अक्षराचा. मग मी नातवासाठी स्वतःच एक प्रकरण लिहिलं :

“सई पळाली. मागे राजू. सई खांबाजवळ गेली. राजू वाकला. हात पुढे केला. सई निसटली! राजू आता मागे वळू शकत नाही. नियमच आहे तसा. मग राजूने काय केलं? खो! मीना उठली. मीनाचा वेग भारी. सई दमली होती. मीना जवळ आली. आणखी जवळ. सई डावीकडे वळली आणि...”

इथे मी थांबलो. नातवाने कागद उलटा केला, मागची बाजू पाहिली, ती कोरी होती. “आबा, दॅट्स नॉट फेअर!” म्हणून तो जो ओरडला, ती मला आजवर मिळालेली सर्वोत्तम वाङ्मयीन पावती. दुसऱ्या दिवशी त्याने तो कागद परत काढून पहिल्यापासून वाचला. कोणी सांगितलं नव्हतं.

कथानकांची तर आपल्याकडे ददात नाही. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रमची दोन शाळकरी पोरं खेळतायत, खेळतायत, खेळतच राहिलीत. डाव सोडा म्हणून त्यांचे कोच आचरेकर सरांचे सहायक सीमेवरून खुणा करतायत आणि ही दोघं तिकडे बघायचंच टाळतायत. ६६४ धावांची अभेद्य भागीदारी. चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. अमेरिकन संपादकाने हे हस्तलिखित परत पाठवलं असतं : मुलं मोठ्यांचं ऐकत नाहीत, आणि त्यांना शिक्षाही होत नाही, उलट पुढे कसोटी खेळतात. मराठी मुलाला हीच गोष्ट रात्री झोप लागू देणार नाही. आचरेकर सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला बाद करणाऱ्याचं ते, नाही तर सचिनचं. त्या नाण्यावरच एक अख्खं प्रकरण होतं. हेलसिंकीला १९५२ साली कुस्तीत कांस्यपदक मिळवून आलेल्या खाशाबा जाधवांची कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ते आणखी एक.

तेव्हा मराठी लेखकांनो, प्रकाशकांनो, एवढं करा. साठ-सत्तर पानांचं पुस्तक, टाइप ठळक, जोडाक्षरं मिठाइतकी. चरित्र नको, गोष्ट हवी, आणि नायक कच्चा लिंबूच हवा. कोच ओरडू दे, बाप त्याहून जास्त ओरडू दे, मुलांना ते ओळखीचं वाटेल. शेवटचा सामना हरू दिलात तरी चालेल, फक्त कोण जिंकलं ते चित्रात आधी दाखवू नका. किंमत दोन वडापाव आणि एक चहा यांच्या आत ठेवा. कुत्रा ऐच्छिक.